कॉलनीत फायबर इंटरनेट आणायचं आहे: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतली गल्ली असो, उपनगरातली कॉलनी, अपार्टमेंट किंवा शहरालगतच्या ग्रामपंचायतीतली वसाहत, फायबर आणताना लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. प्लॅनचे दर महिन्याला बदलतात, म्हणून ते दिलेले नाहीत. मालाची मोजमापं आणि तपासणीचे आकडे मात्र दिले आहेत, कारण ते कंपनी बदलली तरी बदलत नाहीत. त्यातला एक आकडा पुन्हा पुन्हा येईल: तुमच्या घरात पोहोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर. ती मोजून घेतल्याशिवाय कुठल्याच कनेक्शनचे पैसे चुकते करू नका.

केबलवाले म्हणतात गल्लीत फायबर आधीच आहे. मग नवीन काय आणायचं?

घरात कोणती वायर येते ते बघा. आठ बारीक तारांची, टोकाला पारदर्शक प्लास्टिकची क्लिप असलेली वायर येत असेल तर ती लॅन केबल. म्हणजे फायबर चौकातल्या खांबापर्यंत किंवा कुणाच्या तरी गच्चीवरच्या पेटीपर्यंतच आहे, पुढे तांब्याच्या तारा. त्या पेटीत स्विच असतो आणि त्याला वीज लागते. त्या घराची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. एप्रिल-मे महिन्यांत वळीव कडाडला की तांब्याच्या तारेतून लाट येते आणि स्विचबरोबर घरातल्या राउटरचा पोर्टही जळतो. शिवाय लॅन केबल १०० मीटरच्या पुढे भरवशाची नाही.

खऱ्या फायबरची वायर चपटी, काळी किंवा पांढरी असते आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असतो. आत केसाएवढी काच. वाटेत विजेवर चालणारं काहीही नसतं.

म्हणजे नेमकं कुठून कुठे येतं?

कंपनीच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं. तिथून एक फायबर तुमच्या भागात येतो. चौकातल्या जॉइंट बॉक्समध्ये स्प्लिटर त्या एका फायबरचा प्रकाश आठ फायबरमध्ये वाटतो. प्रत्येक फायबर गल्लीतल्या एका पेटीत जातो, तिथे पुन्हा आठ वाटे होतात आणि पेटीतून घराघरांत ड्रॉप केबल जाते. घरातल्या यंत्राला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात.

जीपॉन या नेहमीच्या फायबर पद्धतीत (दुसरी ईपॉन, फरक पुढे आहे) घराकडे येणारा डेटा १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो आणि घराकडून जाणारा १३१० वर, एकाच काचेतून. त्याच काचेतून केबल टीव्ही द्यायचा असेल तर तो १५५० वर चालतो.

सोसायटीनेच एक मोठं कनेक्शन घेऊन सभासदांत वाटलं तर?

करू नका. पैसे घेऊन इंटरनेट देणं हा परवान्याचा व्यवसाय आहे. परवाना नसताना शेजाऱ्यांना जोडण्या देणं बेकायदा आहेच, वर एखाद्याने त्यावरून गैरप्रकार केला तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. परवानाधारक कंपनी ग्राहकाची ओळखपत्रं घेते आणि कोणता आयपी पत्ता कधी कुणाकडे होता याची नोंद ठेवते. सोसायटीला ते जमणार नाही.

सोसायटीला आपल्या आवारात पाइप, डक्ट आणि पेटीसाठी जागा तयार करून ठेवता येते, आणि हे जरूर करा. नवीन इमारत बांधत असाल तर प्रत्येक फ्लॅटपर्यंत २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप आणि जिन्याजवळ उभा डक्ट आत्ताच घाला. तो विजेच्या पाइपात मिसळू नका. पाइप सोसायटीच्या मालकीचा असला की उद्या दुसरी कंपनीही त्यातूनच येऊ शकते.

कुणाकडे जायचं? किती घरं तयार लागतात?

तीन दारं ठोठवा: मोठ्या खासगी कंपन्या, बीएसएनएलची भारत फायबर सेवा आणि तुमच्या भागाचा केबल ऑपरेटर. बीएसएनएलचं कामही बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच करतात. केबल ऑपरेटर एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार आहे ना, हे पावतीवरच्या नावावरून तपासा.

घरांचा किमान आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. पण 'आमच्याकडे खूप मागणी आहे' असं सांगत जाऊ नका, कागद घेऊन जा. एका पानावर गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, घरांची संख्या, नोंद केलेल्यांची यादी, खांब कुठे आहेत, रस्ता डांबरी की काँक्रीट, पेटी कुणाच्या भिंतीवर लावता येईल. एवढं तयार असलं की सर्व्हेला येणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस वाचतो आणि तुमची फाइल वर येते. गल्लीत तालीम किंवा मंडळ असेल तर त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. पेटीला जागा बहुतेक वेळा तिथेच मिळते, आणि पुढे खड्डा, मांडव, मिरवणूक या सगळ्यांत त्यांचा संबंध येणारच आहे.

परवानग्या कुणाच्या लागतात?

अर्ज कंपनीने करायचा असतो, रहिवाशांनी नाही. दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. सार्वजनिक रस्त्यावरून केबल न्यायची ती या नियमांनुसार. शहरात रस्ता महानगरपालिकेचा असेल तर काम विभागीय कार्यालयातून आणि शहर अभियंत्यांकडून पुढे सरकतं. उचगाव, पाचगावसारख्या ठिकाणी रस्ता ग्रामपंचायतीचा आहे की जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, हे आधी ठरवा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

खासगी कॉलनीत, जिथे अंतर्गत रस्ते अजून महापालिकेकडे वर्ग झालेले नाहीत, तिथे सोसायटीचा किंवा प्लॉटधारकांचा ठराव लागतो. ठरावात तीन गोष्टी लिहा: खोदलेला भाग पूर्ववत कोण करणार, पेटीची दुरुस्ती कोण करणार, आणि दुसऱ्या कंपनीला मज्जाव नाही. हे तिसरं वाक्य गाळायला सांगणारे भेटतील. गाळू नका.

खुदाईची कामं पावसाळ्याआधी उरकायची असतात. जूननंतर रस्ता फोडू देत नाहीत. म्हणजे कागद दिवाळीनंतर हलवायला घ्या, मार्चमध्ये नाही. खोदण्याआधी केंद्र सरकारच्या 'कॉल बिफोर यू डिग' या ॲपवर सूचना टाकायची सोय २०२३ पासून आहे. पण पेठांमध्ये जुन्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी कुठल्याच नकाशावर सापडत नाहीत. त्यासाठी भागातल्या चावीवाल्याला आणि प्लंबरला बरोबर घ्या.

महावितरणच्या खांबावरून केबल नेली तर चालते का?

महावितरणच्या परवानगीशिवाय नाही. सगळीकडे लटकलेल्या दिसतात म्हणून ते नियमात बसत नाही, आणि मोहीम निघाली की आधी त्याच कापल्या जातात. परवानगी असली तरी खांबावर आणि तारांजवळ लोखंडी तारेची ड्रॉप केबल वापरू नका. आधाराची तार स्टीलची असेल आणि ती उघड्या विद्युत तारेवर पडली तर प्रवाह थेट घरात येतो. एफआरपी काडीची, म्हणजे धातू अजिबात नसलेली केबल मागा. ती किंचित महाग असते आणि वाकवायला ताठ, पण इथे तडजोड नको.

८० घरांच्या कॉलनीला माल किती लागेल?

चार गल्ल्या, प्रत्येकी २० घरं, गल्लीची लांबी २०० मीटर आणि कंपनीचा ओएलटी ३ किलोमीटरवर, असं धरू.

प्रत्येक गल्लीत १:८ स्प्लिटरच्या तीन पेट्या, म्हणजे २४ जागा. चार गल्ल्यांत १२ पेट्या, ९६ जागा. वरच्या १६ शिल्लक ठेवायच्याच, कारण मागच्या प्लॉटवर उद्या घर होणार आहे. चौकात १:८ चे दोन स्प्लिटर, त्यांच्या १६ वाटांपैकी १२ वापरात. ओएलटीवर दोन पॉन पोर्ट, म्हणजे फायबर निघण्याच्या दोन जागा.

ओएलटीपासून चौकापर्यंत दोन फायबर लागतात, पण केबल १२ कोरची, म्हणजे आत बारा काचा असलेली, टाका. खर्च खुदाईचा आणि मजुरीचा असतो, काचेचा नाही. गल्लीत तीन कोर लागतात, ६ कोरची केबल टाका. चार गल्ल्यांचे ८०० मीटर, त्यात झोल आणि प्रत्येक पेटीशी ठेवायचं वेटोळं धरून साधारण १ किलोमीटर. ड्रॉप केबल घरटी सरासरी ४० मीटर धरली तर ३.२ किलोमीटर, म्हणजे एक किलोमीटरचे चार ड्रम.

जोड मोजा. चौकात १४, पेट्यांत १२, ओएलटीच्या खोलीत बाराही कोर पिगटेलला (एका टोकाला कनेक्टर असलेल्या फायबरच्या तुकड्याला) जोडून ठेवायचे म्हणून १२. घरांत प्रत्येकी एक पिगटेल, म्हणजे ८०. वाया जाणारे धरून १५० स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवायच्या संरक्षक नळ्या, पुरतात. याशिवाय चौकासाठी एक घुमटाकार क्लोजर (जोड ठेवायची बंद पेटी), घरागणिक एक छोटी भिंतपेटी, पॅचकॉर्ड (भिंतपेटीतून ओएनटीला जोडायची छोटी वायर) आणि ओएनटी.

गल्लीतली केबल प्रत्येक पेटीशी पूर्ण कापू देऊ नका. वरचं आवरण सोलून फक्त लागेल तेवढा कोर कापायचा आणि बाकीचे अखंड पुढे न्यायचे. रंगांचा क्रम ठरलेला आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. पहिल्या पेटीला निळा, दुसरीला नारिंगी, तिसरीला हिरवा. हे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला लावा. रात्री दहा वाजता बिघाड शोधायला आलेला मुलगा वेगळाच असतो.

घरात पॉवर किती यायला हवी?

याच उत्तराला जरा वेळ द्या. पॉवर डीबीएममध्ये मोजतात (वाटेतली घट डीबीमध्ये) आणि घरात ती नेहमी वजा चिन्हात येते. −१८ म्हणजे −२४ पेक्षा जास्त प्रकाश.

वरच्या कॉलनीचं गणित मांडू. ओएलटी +४ डीबीएम सोडतो. ३ किलोमीटर काच, प्रति किलोमीटर ०.३५ डीबी घट, म्हणजे १.०५. १:८ चा एक स्प्लिटर साधारण १०.५ डीबी खातो. दोन म्हणजे २१. वाटेतले सहा जोड प्रत्येकी ०.१ धरून ०.६. चार कनेक्टर प्रत्येकी ०.३ धरून १.२. एकूण घट २३.८५. घरात यायला हवी −१९.८५, म्हणजे जवळपास −२०.

जीपॉनच्या नेहमीच्या, म्हणजे बी प्लस वर्गाच्या ओएनटीला −८ ते −२७ एवढ्यात काम करता येतं. कागदावर −२६.५ सुद्धा 'चालू' असतं. पण ते पहिल्या पावसाला बंद पडतं, कारण ओलावा, उन्हाने सैल झालेला कनेक्टर किंवा एखादा वाढीव जोड यांना जागाच उरलेली नसते. आमचा हिशोब असा: −१५ ते −२३ उत्तम, −२५ पर्यंत चालेल, त्याखाली असेल तर कनेक्शन स्वीकारू नका. −८ पेक्षा जास्त असेल तरीही गडबड आहे. ओएलटीजवळच्या घरांत मधला स्प्लिटर चुकून राहिला की असं होतं आणि जास्त प्रकाशाने रिसीव्हर बिघडतो.

गणिताने काढलेला आणि मोजलेला आकडा यांत २ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधायलाच लावा. 'नेट चालतंय की' हे उत्तर नव्हे. आकडा पॉवर मीटरने मोजता येतो, ओएनटीच्या सेटिंगच्या पानावरही दिसतो. बसवलेल्या दिवशीचा आकडा भिंतपेटीवर मार्करने तारखेसह लिहा.

१:८ ऐवजी वाटेवर कपलर लावत जातात, ते बरं का?

केबल टीव्हीच्या लाइनीवर ही पद्धत जुनी आहे: प्रत्येक खांबावर १०:९० किंवा २०:८० चा कपलर, थोडा प्रकाश तिथे उतरवायचा, बाकीचा पुढे. लांबलचक एकाच रस्त्यावर विखुरलेली घरं असतील, मळ्यातली वस्ती असेल, तर केबल वाचते. दाट गल्लीत मात्र नको. एक कपलर बदलला की पुढच्या सगळ्या घरांची पॉवर हलते, आणि शेवटच्या घराला कायम उरलंसुरलं मिळतं.

जीपॉन आणि ईपॉन यांत फरक काय?

जीपॉनच्या एका पोर्टला घराकडे २.४८८ गिगाबिट आणि परत १.२४४ गिगाबिट मिळतात. ईपॉनला दोन्हीकडे १.२५, त्यातले प्रत्यक्ष कामाचे साधारण एक. ६४ घरांत जीपॉनचा घरटी हिशोब साधारण ३८ मेगाबिट येतो, ईपॉनचा १५ च्या आसपास. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने डाउनलोड करत नसल्यामुळे १०० मेगाबिटचे प्लॅन जीपॉनवर नीट चालतात. ईपॉनवर एका पोर्टला ३२ पेक्षा जास्त घरं नकोत. ईपॉनचं यंत्र स्वस्त पडतं म्हणून लहान ऑपरेटर तेच घेतात, विचारून घ्या.

केबल वरून न्यायची की जमिनीखालून?

मुख्य केबल शक्यतो खालून, ड्रॉप केबल वरून. खालून न्यायची तर ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप, दोन ते तीन फूट खोल, त्यावर फूटभर माती टाकून इशारा देणारी पिवळी पट्टी, आणि रस्ता ओलांडताना बाहेरून लोखंडी पाइप. काळ्या मातीचा भाग असेल तर पाइपाखाली आणि वर मुरूम किंवा वाळू भरा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि पाइपाचे सांधे ओढते. पाइपाची तोंडं प्लगने बंद केली नाहीत तर घुशी आत शिरतात. केबल कुरतडलेली वरून दिसत नाही आणि रस्ता पुन्हा फोडावा लागतो.

वरून न्यायची तर रस्ता ओलांडताना किमान १८ फूट उंची ठेवा. खांबांमध्ये अंतर ३० ते ५० मीटर. केबल ताणून सरळ रेषेत बांधू नका, थोडा झोल हवा. प्रत्येक क्लोजरशी १० ते १५ मीटरचं वेटोळं ठेवा. तुटल्यावर ओढून घ्यायला आणि जोड जमिनीवर आणून करायला तेच उपयोगी पडतं.

गणपतीत दरवर्षी केबल तुटते. त्यावर इलाज काय?

मिरवणुकीच्या वाटेवर हवेतून आडवी केबल ठेवायचीच नाही. उंच मूर्ती, ट्रॉलीवरचे स्ट्रक्चर आणि स्पीकरच्या भिंती यांपुढे १८ फूट पुरत नाहीत. कार्यकर्ता काठीने वर उचलतो, आणि नाही निघाली तर कापतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. रस्ता ओलांडणारा तेवढा एकच तुकडा लोखंडी पाइपातून खालून काढा, बाकी केबल वरून असली तरी चालेल.

तेही शक्य नसेल तर त्या ठिकाणी केबल हुकावर ठेवा आणि एका बाजूला पुरेसं वेटोळं ठेवा, म्हणजे मिरवणुकीपुरती सोडून पुन्हा चढवता येईल. मांडवाचे खड्डे ही दुसरी भीती. पहार दोन फूट सहज जाते. मंडळाला पाइपाची रेघ दाखवून द्या आणि दोन्ही कडेच्या भिंतींवर रंगाने खूण करा.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. फायबर टिकेल का?

काच टिकते, तिच्या टोकांचं आणि विजेचं काय ते बघावं लागतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागांत पेटी लावताना भिंतीवरची २०२१ ची खूण बघा आणि तिच्या किमान दोन फूट वर लावा. सोयीची उंची म्हणून छातीएवढ्यावर लावलेली पेटी पहिल्या पुरात जाते.

पेटीत पाणी गेलं तर शॉर्ट होत नाही, पण गाळ कनेक्टरच्या तोंडावर बसतो आणि पॉवर कोसळते. पूरभागात पेटीत कनेक्टरवाले स्प्लिटर न लावता सगळं स्प्लाइस करून (काच वितळवून जोडून) टाका, आणि क्लोजर घुमटाकार, रबरी रिंगचं, तोंड खाली करून बसवा.

पुरात महावितरण सुरक्षेसाठी भागाचा वीजपुरवठा बंद करतं. त्यामुळे ओएलटी कुठे आहे हे विचारा. तळमजल्यावरच्या गाळ्यात, पूररेषेत असेल तर तुमच्या घरातलं सगळं कोरडं असूनही नेट बंद राहील. आठ पोर्टचा ओएलटी साधारण १०० वॅटच्या आत चालतो; १५० अँपिअर-अवरच्या एका चांगल्या बॅटरीवर तो दहा तास निघायला हवा.

स्प्लायसिंग चालू असताना आपण काय बघावं?

स्लीव्ह आधी फायबरवर ओवली का, हे पहिलं. नंतर ओवता येत नाही आणि मग काही जण जोड तसाच टेपने गुंडाळतात. दुसरं, सोललेली काच अल्कोहोलने पुसली का. शर्टाने किंवा फुंकर मारून नाही. तिसरं, क्लीव्हरने काटकोनात कापली का. मशीनवर दिसणारी घट ०.०५ च्या आत असावी, ०.१ च्या वर असेल तर तोडून पुन्हा. तो आकडा मशीनचा अंदाज असतो, खरी घट मीटर सांगतो. पावसाळ्यात हवेतली ओल बदलते, तेव्हा काम सुरू करण्याआधी आर्क कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनच्या जोडणाऱ्या ठिणगीची जुळणी, करायला सांगा.

काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत जमा करायला लावा. फरशीवर पडले तर दिसत नाहीत, पायात घुसतात. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून कुणी बघू नये. हा प्रकाश दिसत नाही, आणि केबल टीव्हीचा ॲम्प्लिफायर जोडलेला असेल तर डोळ्याला कायमची इजा होण्याइतका तीव्र असतो.

घरात फास्ट कनेक्टर लावला. चालेल ना?

सुरुवातीला चालतो. तो काच फक्त चिमटीत धरून ठेवतो. ऊन, थरथर आणि धूळ यांनी वर्ष-दोन वर्षांत पॉवर ढळायला लागते. पाच मिनिटं जास्त लागली तरी पिगटेल स्प्लाइस करून घ्या.

हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं. तो निळ्यात घातला की आत बसतो, पण मध्ये फट राहून तीन-चार डीबी जातात. घरात वळणं मोठी ठेवा. जी.६५७ए२ जातीची केबल ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते, साधी जी.६५२डी ३० मिलिमीटर मागते. दाराच्या फटीतून नेलेली केबल आणि गच्च ठोकलेली खिळ्याची क्लिप या दोन गोष्टी घरातल्या बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी असतात. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून चालत आत येतं.

लाल लाइट लागली आहे. फोन करण्याआधी काय बघू?

लाल एलओएस म्हणजे घरात प्रकाशच येत नाही. ओएनटी बंद-चालू करून फरक पडणार नाही. कनेक्टर नीट बसलाय का, केबल कुठे दबली आहे का, एवढंच बघा आणि शेजाऱ्यांना विचारा. एकट्याचीच असेल तर ड्रॉप केबल, एका पेटीची आठही घरं बंद असतील तर गल्लीची केबल, पूर्ण कॉलनी बंद असेल तर मुख्य केबल किंवा ओएलटी. तक्रार करताना हे सांगितलंत तर माणूस योग्य शिडी आणि योग्य केबल घेऊन येतो.

पॉनची हिरवी लाइट लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण कमी, किंवा ओएनटीची नोंदणी झालेली नाही. आणखी एक चमत्कारिक बिघाड आहे: एका पोर्टवरची सगळी घरं मधूनच बंद-चालू होतात, केबल मात्र शाबूत. अशा वेळी कुणाचा तरी बिघडलेला ओएनयू आपली पाळी नसताना सतत प्रकाश फेकत असतो. एकेक घर सोडवत शोधण्याखेरीज उपाय नाही.

रात्री नऊनंतर नेट मंदावतं.

पॉवर ठीक असेल तर दोष बहुतेक वेळा काचेत नसतो. ओएलटीला मागून येणारी लाइन किती गिगाबिटची आहे ते विचारा. पाचशे घरांचा ओएलटी एका गिगाबिटवर चालवला की रात्री कोंडी होणारच. तपासणी मात्र वायफायवर करू नका. लॅपटॉप वायरने ओएनटीला जोडा, आणि दुपारी तीन व रात्री साडेनऊला मोजून दोन्ही आकडे ठेवा. ओएनटीचा पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर २०० चा प्लॅन घेऊनही वायरवर ९५ च्या पुढे जाणार नाही. 'अमर्याद' प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर वेग किती राहील ते आधी विचारा.

जुन्या वाड्यात दुसऱ्या खोलीत वायफाय पोहोचत नाही.

दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ हात टेकतो, २.४ कसाबसा जातो. ताकदवान राउटर विकत घेण्याऐवजी माडीवर कॅट ६ वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. जुना राउटर असा वापरताना त्याचा डीएचसीपी बंद करा. नाहीतर दोन यंत्रं पत्ते वाटतात आणि घरातली निम्मी उपकरणं 'जोडलेली पण नेट नाही' अशी राहतात.

लाइट गेल्यावर घरात नेट चालू ठेवायला काय लागतं?

ओएनटी १२ व्होल्टवर चालतो आणि साधारण १० वॅट घेतो. ३६ वॅट-अवरचा छोटा १२ व्होल्ट यूपीएस तीन तास काढतो. ॲडॉप्टरवर लिहिलेला अँपिअर आणि पिनची जाडी जुळते का ते बघून घ्या. वळिवात मात्र ॲडॉप्टर सॉकेटातून काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नसली तरी घरच्या लाइनमधून येते.

दुकानातले कॅमेरे घरून बघायचे आहेत.

कॅमेऱ्याचं स्वतःचं क्लाउड ॲप असेल तर काही वेगळं लागत नाही. डीव्हीआरला थेट जोडायचं असेल तर पब्लिक आयपी मागा. बहुतेक कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात आणि मग बाहेरून पोर्ट उघडत नाही.

काम पूर्ण झाल्यावर काय ताब्यात घ्यायचं, आणि तक्रार ऐकली नाही तर?

सोसायटीकडे चार कागद हवेत: केबलच्या वाटेचा नकाशा, पेटीनिहाय कोरच्या रंगांची यादी, प्रत्येक घराची पॉवर आणि मुख्य केबलच्या प्रत्येक कोरचा ओटीडीआर रिपोर्ट (कुठे किती घट आहे ते दाखवणारा). रिपोर्ट १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर मागा. १५५० वर एखाद्या जागी घट जास्त दिसली आणि १३१० वर नाही, तर तिथे केबल मुरगळलेली आहे.

व्यक्तिगत पातळीवर ओएनटी कुणाच्या मालकीचा, अनामत किती आणि परत कधी, हे पावतीवर लिहून घ्या. मोबाइल नंबरसारखं ब्रॉडबँड पोर्ट करता येत नाही. कंपनी बदलली की नवी ड्रॉप केबल आणि बहुधा नवा ओएनटी.

तक्रार नेहमी कॉल सेंटरवर नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप तक्रार धरली जात नाही. तिथे निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. दूरसंचार नियामक ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही; त्यासाठी केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. जाताना डॉकेट नंबर, वायरने मोजलेल्या वेगाचे आकडे आणि भिंतपेटीवर लिहिलेल्या पहिल्या दिवसाच्या पॉवरचा फोटो सोबत न्या.